टाचणीचा टेकू

मित्रांनो, मी लाकडाचा आहे आणि मला एक अक्षरही वाचता येत नाही. तरीसुद्धा प्रेमाच्या कादंबऱ्यांमधले मला बऱ्यापैकी कळते. हे ऐकून तुम्हाला हसू येईल. खुशाल हसा, पण माझी हकीकत पुरती ऐकून घ्या.

मी एक जुना टेकू आहे, पुस्तक उभे करून ठेवायचा. एक तिरकी फळी, खाली पुस्तक टेकवायला पट्टी, पाने धरून ठेवायला दोन लाकडी बोटे आणि मागे बिजागरीवर उघडमीट होणारा एक पाय, एवढेच माझे शरीर. माझ्यावर पुस्तक ठेवले की त्याची पाठ माझ्याकडे असते आणि वाचणाऱ्याचे तोंड माझ्यासमोर. त्यामुळे पुस्तकात काय लिहिले आहे ते मला कधीच दिसले नाही. पुस्तकाच्या वरच्या कडेवरून वाचणाऱ्याचा चेहरा मात्र मी चाळीस वर्षे पाहत आलो.

मला एका सुताराने घडवले. तो शाळांसाठी बाक बनवत असे. बाकाच्या एका फळीत मोठी गाठ निघाली म्हणून ती बाद झाली आणि कोपऱ्यात पडून राहिली. तो मी. सुताराचे घर म्हणजे एक लांबट खोली आणि मागे स्वयंपाकघर. खोलीच्या रस्त्याकडच्या अर्ध्या भागात त्याचे रंधे, करवती, पटाश्या. आतल्या अर्ध्या भागात, खिडकीखाली, त्याच्या बायकोचे शिवणयंत्र. मध्ये एक जाड पडदा होता, भुसा कपड्यांवर उडू नये म्हणून.

बायको कपडे दुरुस्त करून देत असे. उसवलेले शिवायचे, सैल झालेले आवळायचे, आखूड झालेल्यांची दुमड सोडायची. तिच्या ओठांत सदैव एक टाचणी धरलेली असे. त्यामुळे काहीही विचारले तरी उत्तर यायचे ते फक्त ‘हं’. सुतार तिला टाचणी म्हणू लागला आणि मग शेजारपाजारही म्हणू लागले. तिलाही ते नाव आवडायचे.

तिला वाचायचे वेड होते. यंत्र चालवताना वाचता येत नाही, पण तुरपाई करताना, काजे-बटणे करताना हात आपोआप चालतात आणि डोळे जरा मोकळे राहतात. ती दोऱ्याच्या रिळांच्या डब्याला टेकवून पुस्तक उभे करायची आणि पुस्तक घसरायचे. एके दिवशी ते थेट चहाच्या कपात पडले. सुतार पडद्याआडून बघत होता. त्याने ओले पुस्तक पुसले, वितीने मोजले आणि कोपऱ्यातली ती गाठीची फळी उचलली. तीन दिवसांनी मी तयार होऊन तिच्यासमोर आलो.

“घे,” तो म्हणाला. “आता चहा वेगळा आणि पुस्तक वेगळं.”

तिने तोंडातली टाचणी काढली. माझ्या फळीवरून बोट फिरवले, ते गाठीपाशी थांबले. “ही गाठ का ठेवलीत?”

“काढली तर भोक पडतं. राहू दे. पुस्तकाआड जाईल.”

अशी माझी नोकरी सुरू झाली.

टाचणी बहुतेक प्रेमाच्या कादंबऱ्याच वाचायची. कपडे द्यायला येणाऱ्या बायका तिला पुस्तके आणून देत. चौकातल्या वाचनालयातून आणलेली, पाने दुमडलेली, कुणाकुणाच्या हातातून फिरून आलेली. पुस्तक परत नेताना बाई विचारायची, “कसं वाटलं?” आणि टाचणी ओठांतली टाचणी काढून सांगायची. हळूहळू असे झाले की बायका कपडे थोडे आणि पुस्तके जास्त घेऊन येऊ लागल्या.

मला पुस्तक वाचता येत नसले तरी मी एक खूण शिकलो होतो. पुस्तक बेताचे असले तर तिची सुई एका लयीत चालत राही. पुस्तक वाईट असले तर सुई जोरात चाले, रागारागाने. आणि पुस्तकाने तिला खरोखर धरले की सुई थांबे. कापडात अर्धी घुसलेली, दोरा लोंबकळत, तशीच. कधी एखाद्या पुस्तकात ती एकदाच थांबे, कधी दहा वेळा. एका कादंबरीच्या वेळी तर एका शर्टाचे एक बटण लावायला तिला अख्खी दुपार लागली. गिऱ्हाईक दोनदा हेलपाटे घालून गेले.

एकदा एक गृहस्थ विजारीची लांबी कमी करायला आले. ते सुताराचे शाळासोबती, एका छोट्या साप्ताहिकाचे संपादक. साप्ताहिकात शहरातल्या बातम्या, बसचे वेळापत्रक आणि शब्दकोडे असे. विजार देता देता त्यांनी सहज विचारले, “वहिनी, काय वाचताय?”

“एक डॉक्टर आहे आणि एक गाणारी आहे,” टाचणी म्हणाली. “पहिल्यांदा भेटतात तेव्हा दिवे जातात. दुसऱ्यांदा भेटतात तेव्हाही दिवे जातात. तिसऱ्यांदा गेले तेव्हा मला वाटलं, प्रेम राहू दे बाजूला, आधी कुणीतरी वायरमनला बोलवा.”

संपादक हसता हसता खुर्चीवर बसले. “पण लोक तर हे पुस्तक डोक्यावर घेतायत.”

“घेऊ देत. मीही शेवटपर्यंत वाचणारच आहे. पण सांगू का भावोजी, अंधारात कुणीही कुणाचा हात धरेल. दिवे चालू असताना का धरला, ते मला वाचायचंय.”

संपादकांनी विजारीचे नाव सोडले. “हेच मला लिहून द्या. दर आठवड्याला एक पुस्तक.”

“मी सातवीपर्यंत शिकलेय.”

“कादंबऱ्या वाचणाऱ्या किती जणी त्याहून जास्त शिकल्यात?”

असे ‘टाचणी’ नावाचे सदर सुरू झाले. ती कपड्यांचे माप कापायच्या तपकिरी कागदावर लिहायची, पेन्सिलीने, जो तुकडा हाताला लागेल त्यावर. एकदा संपादकांकडे गेलेले परीक्षण बाहीच्या आकाराचे होते आणि शेवटच्या ओळी काखेत वळल्या होत्या. छापखान्यात खिळे जुळवणारा जुळारी ते डोके तिरके करून वाचत होता, असे संपादक सांगत.

पण लिहून झाले की ते सरळ संपादकांकडे जात नसे. बुधवारी सकाळी ती पडदा बाजूला सारायची, सुताराच्या बाकाच्या टोकावर बसायची आणि म्हणायची, “ऐकता का जरा?” तो रंधा खाली ठेवायचा. त्याने एकही कादंबरी वाचलेली नव्हती, पण ऐकायचा मात्र नीट. मधेच म्हणायचा, “इथे तू चिडलीयस, पुस्तकावर नाही, दुसऱ्याच कशावर तरी.” किंवा, “हे दोनदा झालं.” ती पुटपुटत खोडायची. त्यांची लहान मुलगी भुशात बसून लाकडाच्या ढलप्यांशी खेळायची आणि तीही ऐकायची. मी माझ्या जागेवरून, बाजूला सारलेल्या पडद्यातून, ऐकत असे. माझे सगळे शिक्षण त्या बुधवारांत झाले.

तिची मते मला अजून आठवतात. ती म्हणायची, नायक आणि नायिका यांना काम पाहिजे. ‘हा माणूस सकाळी उठून जातो कुठे, हे लेखिकेला माहीत नसेल, तर तो संध्याकाळी दमून येतो यावर मी विश्वास का ठेवू?’ ती म्हणायची, ‘दोघं एकमेकांना आवडतात, असं शंभर वेळा लिहिलंय. एकदा तरी दाखवा, की त्याला तिची कुठली गोष्ट आवडत नाही आणि तरी.’ आणि एकदा लिहिले होते, ‘शेवट गोड होणार हे मला पहिल्या पानावरच ठाऊक असतं. त्यात लबाडी नाही, तो तर करार आहे. पण मधे कुठेतरी मला भीती वाटली पाहिजे, की या वेळी नाही होणार.’

तिने नुसते फटके मारले असे समजू नका. एका नवख्या लेखकाने होडी चालवणारा आणि शाळेत स्वयंपाक करणारी यांची गोष्ट लिहिली होती. पुस्तक जाड नव्हते, मुखपृष्ठ तर अगदीच सुमार. तिने लिहिले, ‘ती जेवायला बसली की आधी घोटभर पाणी पिते, हे त्याच्या लक्षात आलंय. तो काही बोलत नाही, फक्त पाण्याचा पेला आधी ठेवतो. पूर्ण पुस्तकात प्रेम हा शब्द चारदाच आलाय आणि पाण्याचा पेला अकरा वेळा. वाचा.’ वाचनालयातली त्याची एकुलती प्रत त्या वर्षी फाटेपर्यंत फिरली. संपादक माझ्यावर टिचकी मारून म्हणाले, “याचा फोटो छापायला पाहिजे सदराच्या डोक्यावर.” माझा फोटो काही छापला नाही. पण मित्रांनो, खोटे कशाला बोलू, मी त्या दिवशी फुगलो होतो.

अशी वीस वर्षे गेली. मुलगी मोठी झाली. नकाशे काढायला शिकली.

आता जे सांगतो ते सांगताना मला अजून जड जाते.

एका सकाळी मुलीने तिचा कोट आईपुढे ठेवला. अस्तर फाटले होते. टाचणीची सवय अशी की कुठलाही कपडा हातात आला की आधी खिसे बघायचे, सुई मोडू नये म्हणून. आतल्या खिशात एक घडी केलेले पत्र निघाले. दूरच्या शहरातल्या नकाशांच्या कचेरीने मुलीला नोकरी दिली होती. रुजू व्हायला चार दिवस उरले होते. पत्र महिन्याभरापूर्वीचे होते.

टाचणीने मुलीकडे पाहिले. मुलगी जमिनीकडे बघत होती. पडदा बाजूला झाला आणि सुतार आत येऊन उभा राहिला.

“तुम्हाला माहीत होतं?” टाचणीने विचारले.

“होतं.”

“कधीपासून?”

“पत्र आलं तेव्हापासून.”

“आणि मला का नाही सांगितलं?”

सुताराने एकदा मुलीकडे पाहिले. मग म्हणाला, “राहिलं सांगायचं.”

टाचणीने कोट मांडीवर ओढून घेतला. तिने कोटाचे अस्तर शिवले, इतके बारीक टाके मी आधी कधी पाहिले नव्हते. चार दिवसांनी मुलगी गेली. आणि त्या घरातले बोलणे थांबले.

अगदी मुके झाले असे नाही. ‘जेवायला वाढलंय.’ ‘दार लावून घ्या.’ ‘खिळे आणायला जातोय.’ एवढे चाले. पण बुधवारी पडदा बाजूला होईना. ती परीक्षण लिहायची, घडी घालायची आणि तसेच पाठवून द्यायची. पडद्यापलीकडे बुधवारी सकाळी रंधा थोडा वेळ थांबायचा. वाट बघायचा. मग पुन्हा सुरू व्हायचा.

त्याच दिवसांत एका घड्याळजीवरची कादंबरी माझ्यावर आली. लेखिका नवी होती. गोष्ट मला नंतर ऐकून कळली ती अशी. एक घड्याळजी आणि टपाल कचेरीत काम करणारी एक बाई यांचे लग्न ठरते. ठरलेल्या दिवशी घड्याळजी येतच नाही. का आला नाही ते तो तिला सांगत नाही. सगळे गाव त्याला भित्रा म्हणते, तीही म्हणते. पुस्तक संपत आल्यावर ते दोघे पुन्हा जवळ येतात.

टाचणी ते पुस्तक वाचत असताना मी तिचा चेहरा बघत होतो. तिची सुई तीनदा थांबली. तिसऱ्यांदा तर इतका वेळ, की मला वाटले आता ती रडणार. पण तिने ओठ आवळले, चारपाच पाने एकदम उलटली आणि सुई जोरजोरात चालवू लागली.

आणि मग तिने लिहिले. लिहिता लिहिता स्वतःशी पुटपुटत होती म्हणून मला कळले. ‘जे भांडण एका वाक्यात मिटलं असतं ते तीनशे पानं चालवलंय. नायकाला तोंड आहे की नाही? असल्या माणसासाठी झुरणारी बाई मूर्ख आणि तिच्यासाठी झुरणारा वाचक तिच्याहून मूर्ख. शेवट तर असा गुंडाळलाय, की लेखिकेलाच उठून जायची घाई होती.’

मला तोंड असते तर मी ओरडलो असतो, अगं बाई, तुझी सुई तीनदा थांबली होती. पण टेकूला तोंड नसते. आणि ज्याला होते तो पडद्यापलीकडे होता. त्याने ते ऐकले असते तर नक्की म्हणाला असता, ‘इथे तू पुस्तकावर चिडलेली नाहीस.’

ते परीक्षण छापून आले. लोकांना फार आवडले. कपडे द्यायला येणाऱ्या बायका ‘नायकाला तोंड आहे की नाही’ हे वाक्य एकमेकींना ऐकवून हसायच्या. टाचणी हसायची नाही.

गेल्यापासून चार महिन्यांनी मुलगी रजेवर आली. दुसऱ्या दिवशी दुपारी ती आईच्या जागेवर बसली होती, माझ्यासमोर, तुटलेले बटण लावत. टाचणी शेजारी यंत्रावर होती.

“आई, ती घड्याळजीची कादंबरी मी वाचली,” मुलगी म्हणाली. “तुझं परीक्षण वाचून मुद्दाम मिळवली.”

“कशाला वेळ घालवलास?”

“आई, तुला खरंच वाटतं तो भित्रा होता?”

“आला नाही तो. सांगितलं नाही. आणखी काय म्हणायचं?”

“तिच्या वडिलांनी त्याला वचनात बांधलं होतं. एकटं पडायची त्यांना भीती वाटत होती, म्हणून ते त्याच्या दुकानात येऊन रडले. एक वर्ष थांब म्हणाले, आणि मी आलो होतो हे तिला कधी सांगू नकोस म्हणाले. त्याने सांगितलं असतं, तर तो सुटला असता. पण वडील तिच्या नजरेतून उतरले असते.”

यंत्राचे चाक थांबले.

“वाचलंय मी ते,” टाचणी सावकाश म्हणाली.

“मग लिहिलं का नाहीस?”

मुलीने बटण तसेच सोडले आणि सुई कापडात खोवून ठेवली. तिचा चेहरा माझ्यापासून हातभर अंतरावर होता.

“बाबांना मी सांगितलं होतं, आईला सांगू नका,” ती म्हणाली. “तू नाही म्हणाली नसतीस, मला ठाऊक होतं. तू ‘हं’ म्हणाली असतीस आणि माझे कपडे शिवायला घेतले असतेस. पण महिनाभर तुझा चेहरा रोज समोर असता तर माझा पाय निघाला नसता. बाबा म्हणाले, तू सांग, नाहीतर मी सांगतो. मी त्यांना शपथ घातली. मला वाटलं होतं, मी गेल्यावर तरी ते सांगतील. ते अजून बोलले नाहीत?”

“नाही.”

“का?”

टाचणीने यंत्रातला दोरा तोडला. “कारण मग मला कळलं असतं, की माझ्या लेकीला माझ्या चेहऱ्याची भीती वाटते,” ती म्हणाली. “त्यापेक्षा मी त्यांच्यावर रागावलेली त्यांना चालत होती.”

मुलगी रडू लागली. टाचणीने आधी छातीशी खोचलेल्या टाचण्या काढून ठेवल्या आणि मग तिला जवळ घेतले. “भीती वाटण्यासारखाच आहे माझा चेहरा,” ती म्हणाली, आणि दोघींना रडता रडता हसू आले.

पुढचे तीन दिवस तिने ती कादंबरी पुन्हा माझ्यावर ठेवली. या वेळी हातात कापड नव्हते. तिने रिकाम्या हातांनी पुस्तक वाचलेले मी पहिल्यांदाच पाहिले. जी पाने तिने घाईने उलटली होती तिथे ती थांबली, मागे गेली, पुन्हा वाचली.

बुधवारी सकाळी पडदा सरकला. सुतार शाळेच्या एका बाकाच्या पायाला खाच पाडत होता. ती त्याच्या बाकाच्या टोकावर बसली.

“ऐकता का जरा?”

त्याने पटाशी खाली ठेवली.

तिने वाचले. एका वाक्यात मिटणारे भांडण आणि एक वाक्य मुद्दाम न बोलता पेललेले भांडण यांत फरक असतो, असे त्यात होते. पहिले वाचकाला फसवते, दुसरे वाचकाला धरून ठेवते. लेखिकेने न बोलण्याचे कारण दिले आहे की नाही, एवढेच बघायचे असते. या लेखिकेने ते दिले होते, एकशे बाराव्या पानावर, स्वच्छ. ‘मी ते पान वाचलं होतं. मला ते वाचायचं नव्हतं. दोष पुस्तकाचा नव्हता. मी चुकले.’

सुताराने हनुवटी खाजवली. “‘चुकले’ फार खाली गेलंय,” तो म्हणाला. “वर घे. पहिल्या ओळीत.”

तिने पेन्सिलीने बाण काढून ते वर घेतले. मग कागद मांडीवर ठेवून म्हणाली, “चार महिने. एक वाक्य होतं फक्त.”

“माझं नव्हतं ते,” सुतार म्हणाला.

तिने त्याच्या बाहीवरचा भुसा झटकला. त्या दिवशी पडदा कुणी ओढला नाही. कपड्यांवर भुसा उडाला आणि एका गिऱ्हाइकाने कुरकुरही केली.

तुम्हाला वाटेल, आता सगळे नीट झाले. घरातले झाले. पण मित्रांनो, छापलेले वाक्य घरातल्या वाक्यासारखे नसते.

दुसरे परीक्षण छापून आल्यावर महिन्याभराने एक परिचारिका आली. पांढरा गणवेश हातावर, बाही तंग झालेली. तिशीच्या आतबाहेरची, दमलेले डोळे. गणवेश टेबलावर ठेवून ती म्हणाली, “बाही सैल करायची आहे. आणि घड्याळजी मी लिहिला.”

टाचणीने तोंडातली टाचणी काढली. “बसा.”

“तुमचं दुसरं परीक्षण वाचलं,” परिचारिका म्हणाली. “चांगलं आहे.”

“उशीर झाला.”

“झाला. पहिलं आमच्या वॉर्डाच्या फळ्यावर कुणीतरी लावलं होतं. महिनाभर होतं. रोज तिथेच सह्या करायला जायचे मी. दुसरं कुणी लावलं नाही. मला वाटलं आपणच लावावं, पण स्वतःचं स्वतः काय लावायचं.”

टाचणी गणवेशाची बाही उलटी करून शिवण बघत बसली.

“पण पहिल्यातलं एक खरं होतं,” परिचारिका पुढे म्हणाली. “शेवट गुंडाळलाय. माझी रजा संपत होती.”

“ते मी रागाने लिहिलं होतं.”

“रागाने लिहिलं म्हणून खोटं होत नाही.”

“पुढचं काही लिहिताय?”

“चाळीस पानं झाली होती. थांबलंय. तुमच्यामुळे असं नाही म्हणणार. पण थांबलंय.”

टाचणीने बाही खाली ठेवली. “मला ऐकवाल? गुरुवारी दुपारी मला फक्त हातकाम असतं.”

परिचारिकेने माझ्याकडे पाहिले, मग तिच्याकडे. “परीक्षण लिहिणार?”

“नाही. ऐकणार.”

ती पुढच्या गुरुवारी आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. तिसऱ्या गुरुवारी आली, आणि तिची चाळीस पाने माझ्यावर उभी राहिली. ते माझ्यावर ठेवलेले पहिले हस्तलिखित. ती वाचायची, टाचणी तुरपाई करत ऐकायची. टाचणी ‘हे चूक’ असे म्हणत नसे. ‘इथे ती घरी कशी पोचली?’ असे विचारायची. दोन वर्षांनी ते पुस्तक झाले. संपादकांनी परीक्षण मागितले तेव्हा टाचणीने सरळ नकार दिला. “ज्या कपड्याला मी टाके घातले, तो तपासायला दुसऱ्याला द्या,” ती म्हणाली. दुसऱ्याने लिहिले, की पुस्तक मध्यम आहे पण शेवट उत्तम. परिचारिकेने ते वॉर्डाच्या फळ्यावर स्वतःच्या हाताने लावले.

पुढे वर्षे सरली. साप्ताहिक बंद पडले. सुतार गेला. टाचणीच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाला, शस्त्रक्रियेनंतरही बारीक अक्षर दिसेना. मुलगी फोनवरून तिला कादंबऱ्या वाचून दाखवू लागली. मी कपाटाच्या वर गेलो. माझ्यावर जुन्या मापांच्या गुंडाळ्या ठेवल्या गेल्या. बिजागरी गंजली, एक लाकडी बोट निखळून हरवले. सहा वर्षे मी कुणाचाही चेहरा पाहिला नाही. दुःख तेवढेच होते. धुळीचे लाकडाला काही वाटत नाही.

मग एका दुपारी परिचारिका भेटायला आली होती. बोलता बोलता म्हणाली, “आमच्याकडे हाडं मोडलेले पेशंट येतात. हात प्लास्टरमध्ये, पुस्तक धरता येत नाही. दिवसभर छताकडे बघत पडतात.”

टाचणी उठली, चाचपडत स्टुलावर चढू लागली. परिचारिकेने तिला खाली बसवले आणि मला स्वतः काढले. टाचणीने फडक्याने मला पुसले, शिवणयंत्राच्या तेलाचे दोन थेंब बिजागरीत सोडले आणि हरवलेल्या बोटाच्या जागी मजबूत इलॅस्टिकची पट्टी शिवून बसवली. डोळे अधू, पण टाका सरळ पडला.

आता मी वॉर्डात असतो, खाटेवर आडव्या ठेवलेल्या फळीवर. रोज नवे चेहरे बघतो. कुणी भराभर वाचते, कुणी एका पानावर अर्धा तास थांबते, कुणी पुस्तकाआड झोपून जाते.

मित्रांनो, मला तुमच्याकडून फार काही नको. माझ्यासारखे कुणी तुमच्या घरी कपाटावर पडले असेल तर खाली काढा, बिजागरीत तेल सोडा आणि ज्याला गरज आहे त्याच्यासमोर ठेवा. पुस्तकाचे पान दुमडू नका. आणि एखादे पुस्तक आवडले नाही तर बेधडक सांगा, त्यात काही वाईट नाही. फक्त सांगण्याआधी एकदा स्वतःला विचारा, मी नक्की कशावर चिडलो आहे? आणि कुणाला तरी ते वाचून दाखवा, जो मधेच थांबवू शकेल अशा कुणाला तरी.

आज सकाळी दोन्ही हात प्लास्टरमध्ये असलेली एक बाई माझ्यासमोर होती. बस चालवते, असे म्हणाली. प्रेमाची कादंबरी आयुष्यात पहिल्यांदाच वाचत होती, असेही सांगून झाले. शेजारच्या खाटेवरची म्हातारी तिला पान उलटून देत होती. दोनशे पाने झाल्यावर म्हातारीने विचारले, “कसं आहे गं? चांगलं आहे का?”

बाईने पुस्तकावरून नजर काढली नाही.

“थांबा मावशी,” ती म्हणाली. “अजून संपलं नाही. उलटा पान.”